मिस्त्री येणार नाही : नागपूरच्या उन्हाळ्यासाठी कूलर घरीच तयार करताना

मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी कूलरवाल्याला फोन जातो. तो येतो, ताट्या (कूलरच्या बाजूंचे, पाण्यानं ओले होणारे पडदे) बदलतो, पंप बघतो आणि तासाभरात निघून जातो. २०२० मध्ये कोरोनामुळे २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, ती आधी ३ मेपर्यंत वाढली, आणि ऊन काही थांबलेलं नव्हतं. त्यामुळे लोक माळ्यावरून, गच्चीवरून कूलर उतरवून स्वतःच कामाला लागले होते. त्यात वावगं काहीच नाही, काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. अडचण अशी की बहुतेक घरांत ते उलट्या क्रमानं होतं. आधी ताट्या भरतात, मग पाणी ओततात, मग बटण दाबतात. टब गळतो, पंप बंद आहे, बॉडीला करंट येतोय, हे सगळं त्यानंतर कळतं. मग भरलेलं पाणी उपसा, ओल्या ताट्या काढा, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून या लेखाचा सगळा भर क्रमावर आहे. आधी कोरडी कामं, मग ओली. विजेची तपासणी पाण्याच्या आधी, ताट्या त्यानंतर. खाली लिहिलंय ते लोखंडी बॉडीचा, तीन बाजूंना ताट्या असलेला, खिडकीत बसणारा कूलर धरून लिहिलंय. प्लास्टिकचा असेल तर गंजाचा भाग सोडा, बाकी सगळं तसंच.

१. तयारी : हात लावण्याआधी

दोन दिवस हाताशी ठेवा. एका दुपारीत उरकायचं म्हटलं की टब ओला असतानाच त्याला सील लावलं जातं आणि ते चार दिवसांत सुटतं.

घरात शोधून एका जागी जमवा : स्क्रू ड्रायव्हर, पाना, पक्कड, विजेचा टेस्टर, इन्सुलेशन टेप, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, दाभण किंवा जाड सुई, बाइंडिंग वायर, शिलाई मशीनचं तेल, एम-सील, टॉर्च. डांबराचा काळा रंग किंवा रेड ऑक्साइड मागच्या कामातला उरला असेल तर उत्तम. नसला तरी काम अडत नाही.

कूलर उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलवर फोटो काढा. स्विचकडे जाणाऱ्या तारा, पंपाची तार कुठून आत येते, पाण्याची नळी वर कशी फुटते, हे सगळं जवळून टिपून ठेवा. जोडताना कुठली तार कुठे होती हे आठवण्यावर सोडू नका.

सावधान : कूलर उतरवायला दोघं लागतात. रिकामी लोखंडी बॉडी हलकी वाटते, पण पत्र्याच्या कडा हात कापतात. पुढे ‘प्लग लावा’ असं सांगेपर्यंत प्लग बोर्डात नको. बटण बंद ठेवणं पुरेसं नाही, प्लग उपसून बाहेर ठेवा.

२. सफाई आणि टब

तिन्ही जाळ्या काढून बाजूला ठेवा. मागच्या वर्षीच्या ताट्या लगेच फेकू नका, त्यांचं काय करायचं ते पाचव्या टप्प्यात ठरवू.

पंप आणि नळी काढून घ्या, मोटर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधा आणि मगच टब धुवा. तळाशी साचलेला पांढरा-पिवळा थर म्हणजे क्षार. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत तो चांगलाच जाड असतो. कपडे धुण्याचा साबण, थोडा धुण्याचा सोडा आणि ब्रश एवढं पुरतं. अॅसिड वापरू नका, पत्रा खातं. टबच्या भिंतीही घासा, विशेषतः मागच्या वर्षी पाणी जिथवर असायचं ती रेघ. डेंग्यूच्या डासाची अंडी याच रेघेवर चिकटलेली असतात. कोरड्यातही ती महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात.

धुतल्यावर टब उन्हात तिरका ठेवा. नागपूरचं ऊन इथे कामाला येतं, दुपारभरात टब खडखडीत वाळतो. वाळल्यावर एखाद्या अंधाऱ्या खोलीत नेऊन आतून टॉर्च मारा आणि बाहेरून बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक. कोपरे आणि खालची दुमड या जागा सगळ्यात आधी जातात.

भोकाभोवतीचा गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. गंजावर लावलेलं एम-सील गंजासकट निघून येतं. एम-सीलच्या दोन्ही गोळ्या सारख्या घेऊन कणकेसारख्या मळा, रंग एकसारखा झाला की आतून दाबून बसवा. रात्रभर हात लावू नका. डांबराचा रंग लावायचा असेल तर तो सील वाळल्यावर, आणि रंगालाही वाळायला पूर्ण दिवस द्या.

तपासा : टब सपाट जागेवर ठेवून दोन-तीन बादल्या पाणी भरा, खाली वर्तमानपत्र अंथरा, तासाभरानं कागद बघा. कोरडा असेल तर पाणी काढून टब पुन्हा कोरडा करा. अजून पाण्याची वेळ आलेली नाही.

३. वीज : इथे घाई नको

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. लोखंडी बॉडी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे सगळं एकाच जागी जमतं. म्हणून हा टप्पा मी सगळ्यात लांबवून लिहितोय, आणि तुम्हीही तो सगळ्यात सावकाश करा.

आधी तार. प्लगपासून मोटरपर्यंत आणि प्लगपासून पंपापर्यंत ती बोटांच्या चिमटीत धरून सरकवत न्या. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला लागते. एका जागी खास थांबा : तार पत्र्याच्या भोकातून जिथे आत शिरते तिथे. त्या भोकात रबराची बुच्ची असायला हवी. ती पडलेली असेल तर पत्र्याची धार वर्षभर तारेचं आवरण कातत राहते, आणि तांबं एकदा पत्र्याला टेकलं की सगळी बॉडी जिवंत होते. माळ्यावर ठेवलेल्या कूलरच्या तारा उंदीरही कुरतडतात. आतलं तांबं दिसत असेल तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, ती तार बदला. टेप ओलीत टिकत नाही.

मग अर्थिंग. प्लग थ्री पिनच हवा आणि त्याची वरची जाड पिन जागेवर हवी. बोर्डात बसत नाही म्हणून ती पिन कापणं किंवा टू पिन लावणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या पिनेची हिरवी तार कूलरच्या बॉडीला नट-बोल्टनं कसलेली असली पाहिजे, आणि तीही रंगावर नाही. जिथे कसायची तिथला रंग खरवडून उघडं लोखंड दिसू द्या. घरातल्या बोर्डाला खरोखर अर्थिंग आहे का, हे मात्र इलेक्ट्रिशियननंच बघायचं. न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपाला तार जोडून घरगुती अर्थिंग करू नका. खात्री नसेल तर तोवर पंख्यावर भागवा, लोखंडी कूलर लावू नका. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असेल तर तिचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून बघा, लगेच खटका पडला पाहिजे. एमसीबी वेगळी. ती तारा जळण्यापासून वाचवते, माणसाला नाही.

आता मोटर. प्लग काढलेला असतानाच पातं हातानं फिरवा. ते सहज फिरून हळूहळू थांबलं तर ठीक. अडखळत असेल तर मोटरच्या दोन्ही बुशांत (दांडा ज्यात फिरतो त्या बैठकांत) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा आणि पुन्हा फिरवा. खोबरेल तेल किंवा स्वयंपाकाचं तेल घालू नका, महिनाभरात ते चिकट होऊन बुश आणखी जाम करतं. पात्याचे स्क्रू कसा.

पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फळी, आजूबाजूला मुलं नाहीत, समोरची जाळी लावलेली. आता प्लग लावून कोरडी मोटर मिनिटभर चालवा. मोटर नुसती गुणगुणते आणि पातं फिरत नाही, पण हातानं मोकळं फिरत होतं, तर बहुधा कंडेन्सर (मोटर सुरू करायला लागणारा कपॅसिटर) गेला. चालू मोटरच्या पात्याला काडीनं ढकलून सुरू करून देणारे आहेत; तसं करू नका, मोटर तापून जळते. कंडेन्सर प्लग काढल्यावरही करंट धरून असतो, त्याच्या टोकांना बोट लावू नका. तो बदलायचं काम जाणकाराकडेच द्या.

तपासा : मोटर चालू असताना टेस्टर बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा. दिवा पेटला तर तिथेच थांबा, प्लग काढा, आणि दोष सापडेपर्यंत पुढचा एकही टप्पा करू नका. दिवा पेटला नाही म्हणजे अर्थिंग ठीक आहे असा अर्थ होत नाही, म्हणून वरचा अर्थिंगचा परिच्छेद टाळू नका.

४. पंप आणि पाण्याची वाट

पंप कोरडा कधीच चालवायचा नाही. तो पाण्यात बुडालेला राहावा म्हणूनच केलेला असतो, कोरडा चालला की काही मिनिटांत तापतो.

खालचं झाकण उघडा. आत छोटी चक्री असते. तिच्या दांड्याभोवती केस, ताटीचे धागे आणि क्षाराची कड गुंडाळलेली सापडेल. दरवर्षी ‘पंप गेला’ म्हणून जे पंप फेकले जातात त्यातल्या कित्येकांत एवढाच दोष असतो. टूथब्रशनं चक्री आणि तिची खोबण साफ करा, चक्री बोटानं फिरते का बघा, झाकण लावा.

प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरा, पंप बुडवा, हात बाहेर काढा, हात पुसा, मगच प्लग लावा. नळीतून धार हातभर वर चढली की पंप चांगला. बादलीतून काढायच्या आधी प्लग उपसा, दर वेळी.

वरची नळी आणि पन्हाळी यांची भोकं क्षारानं बुजलेली असतात. दाभणानं एकेक मोकळं करा. मोठं करू नका, नाहीतर सगळं पाणी पहिल्या दोन भोकांतूनच पडतं आणि टोकाची ताटी कोरडी राहते. पंप टबात ठेवताना खाली फरशीचा तुकडा द्या म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही. तार टबातून वर येऊन बाहेर पडताना थोडी खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्या. तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली टपकतं, बोर्डापर्यंत जात नाही.

५. ताट्या

नव्या मिळत असतील तर प्रश्नच नाही. मिळत नसतील तर जुन्या पारखा. मूठभर वुडवूल (ताटीतले लाकडाचे बारीक धागे) हातात घेऊन चुरगाळा. भुगा झाला तर ते संपलं. नुसतं कडक असेल, वास कुबट नसेल, तर पाण्याखाली सावकाश धुऊन, उन्हात वाळवून, बोटांनी मोकळं करून यंदाचा हंगाम निघेल. तीन ताट्यांचा माल दोन ताट्यांनाच पुरत असेल तर तिन्ही विरळ भरू नका. दोन नीट भरा आणि तिसरी बाजू पत्र्यानं किंवा जाड प्लास्टिकनं पूर्ण बंद करा. हवा थोडी कमी येईल, पण येईल ती गारच.

पोतं, तणस, जुनी चादर यांतलं काही भरू नका. पोतं आणि चादर ओली झाली की हवा अडवतात आणि मोटर तापते. तणस आठवड्यात सडायला लागतं.

भरताना जाळी आडवी ठेवा, सुमारे दोन इंच जाडीचा थर सगळीकडे सारखा पसरा, वरून दुसरी जाळी ठेवून बाइंडिंग वायरनं जागोजागी बांधा. सुतळी कुजते. वाळ्याच्या ताट्या असतील तर त्या घट्ट विणलेल्या असतात, त्यांवर आणखी थर नको. हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे) असतील तर काढतानाच वरची आणि बाहेरची बाजू पेन्सिलनं खूण करून ठेवा, तशीच परत बसवा. त्यांना तारेचा ब्रश लावू नका.

तपासा : भरलेली ताटी उजेडासमोर धरा. सगळीकडून सारखा मंद उजेड झिरपायला हवा. जिथे लख्ख भोक दिसतं तिथून गरम हवा तशीच आत येणार, आणि जिथे पूर्ण अंधार तिथे भरणा जास्त. ओली झाल्यावर ताटी खाली बसते, म्हणून दोन दिवसांनी वरची कड पुन्हा बघा. तिथे बोटभर फट पडलेली असते आणि ती सहसा कुणी बघत नाही.

६. जागा

कूलरचं तोंड खोलीत आणि बाकी अंग खिडकीबाहेर. मागे आणि बाजूंना हात-दीड हात मोकळी जागा ठेवा. ताट्यांवर पश्चिमेचं ऊन येत असेल तर वर हिरवी जाळी बांधा, पण ती ताटीला चिकटू देऊ नका. जवळपास संडासाची खिडकी, नाली किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट नको, तोच वास खोलीत येईल. टबात साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. स्टँड हलवून बघा. विटांवर विटा रचून टेकू देऊ नका, रात्री कूलर सरकला तर खिडकीसकट खाली येतो. स्पिरिट लेव्हल नसेल तर ताटात थोडं पाणी घेऊन ते कूलरवर ठेवा, तिरपं असेल तर लगेच कळतं.

७. पहिली सुरुवात

प्लग काढलेला असताना टब भरा. नळ आला म्हणून टिल्लू पंप (नळातून पाणी खेचणारा छोटा पंप) लावून भरू नका, तेवढ्यानं शेजारच्या घराचा नळ कोरडा पडतो. पाणी पंपाच्या वर आलं की प्लग लावून आधी फक्त पंप चालवा. दहा-पंधरा मिनिटांत तिन्ही ताट्या वरपासून खालपर्यंत ओल्या व्हायला हव्यात. कोरडा पट्टा दिसला तर प्लग काढा आणि वरची भोकं पुन्हा बघा. त्यानंतरच पंखा. आधी पंखा लावला की कोरड्या ताटीतली धूळ आणि भुसा सगळा गादीवर.

नव्या वुडवूलचं पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. ते नालीत सोडा, टब पुन्हा भरा.

८. खोली : सगळ्यात जास्त चूक इथेच

कूलर म्हणजे एसी नव्हे. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की पहिला अर्धा तास बरं वाटतं, मग चिपचिप सुरू होते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून गार करतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर आत कोरडी हवा येणार कुठून? कूलरसमोरची, शक्यतो लांबची, खिडकी वीतभर उघडी ठेवा किंवा दार किलकिलं ठेवा.

तपासा : उघड्या फटीशी कागदाची पट्टी धरा. ती बाहेरच्या बाजूला झुकायला हवी. आत येत असेल तर कूलरच्या बाजूला मोठी फट राहिली आहे, ती थर्माकोलनं किंवा पुठ्ठ्यानं बंद करा.

कोरोनासारख्या साथीतही उघडी खिडकी फायद्याचीच. कूलर पूर्ण घरात ठेवून तीच हवा फिरवत बसणं दोन्ही अर्थांनी वाईट.

टबात बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक हिशेब : एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता ओढून घेतं, तेवढी ओढायला सुमारे सात किलो बर्फ वितळावा लागतो. मोठा कूलर भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज पितो. एका वाटीच्या बर्फानं काय होणार? तो बर्फ लिंबाच्या सरबतात घाला आणि टब भरलेला ठेवा.

४५ अंशांच्या कोरड्या दुपारी नीट लावलेला कूलर २८-३० अंशांची हवा देतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) असा दिवस आला तरी हवा कोरडी असेल तर कूलर आपलं काम करतो. ढग आले, दमटपणा वाढला की मात्र पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

९. आठवड्याचं काम

एक वार ठरवून घ्या. त्या दिवशी प्लग काढून टब पूर्ण रिकामा करा, भिंती ब्रशनं घासा, दोन तास कोरडा ठेवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवडा चुकवू नका. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर डास होतात ते होतातच, शिवाय क्षार साठत जातात, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

सावधान : पाण्यात सॅनिटायझर, फिनाइल, ब्लीचिंग पावडर किंवा अत्तर टाकू नका. जे टबात टाकाल तेच घरातली माणसं रात्रभर श्वासात घेतील. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल पेट घेणारं आहे आणि शेजारीच मोटर आहे. वास येत असेल तर पाणी बदला, ताटी एक दिवस उन्हात टाका.

चालू कूलरमध्ये पाणी भरू नका, लहान मुलांना भरायला लावू नका. प्लग काढा, मग भरा, हात पुसा, मग प्लग. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा, कारण कूलर लावतो एक आणि दुपारी पाणी टाकतो दुसराच.

१०. टबातून काढलेलं पाणी

एप्रिल-मेमध्ये ते फेकवत नाही, आणि फेकूही नये. पण ते साधं पाणी राहिलेलं नसतं, आठवडाभराचे क्षार त्यात असतात. अंगण आणि गच्ची धुवायला, पायऱ्या पुसायला ते चांगलं. जमिनीतल्या मोठ्या झाडांना, म्हणजे कडुनिंब, आंबा, बेल, आळीपाळीनं घातलं तर चालतं. कुंडीतला कढीपत्ता, मोगरा, तुळस आणि कोवळी रोपं यांना मात्र घालू नका. पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात आणि आपण उन्हाला दोष देतो. आधीच घातलं असेल तर एकदा कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत नळाचं पाणी घाला. मातीत साचलेले क्षार खालून निघून जातील.